हसऱ्या चेहऱ्यावरचं बोट

माझ्या सासूबाई, उमाबाई, जन्मात कधी 'दुखतंय' म्हणाल्या नाहीत, आणि आमच्या सासरच्या मंडळींना त्याचं केवढं कौतुक! तेराव्याला आलेला प्रत्येक पाहुणा तेच घोळवत होता. "काय सोशिक बाई हो!" मी आत बसून दात खात होते. एक-दोघांना तर ताट हातात देऊन वाटेला लावावंसं वाटलं. सासूबाईंच्या सोशिकपणाची किंमत काय पडली ते मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून सांगायला बसलेय.

माझं माहेर देवासचं. वडील सांगलीहून इथल्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. आमच्या घरी कुणाला ठेच लागली तरी अख्ख्या क्वार्टर्सना कळायचं. लग्न होऊन धारला गेले आणि सगळं उलटं. सासरे भैयासाहेब. त्यांचे आजोबा दरबाराच्या कोठीवर कारभारी होते. दरबार गेला, कोठी गेली, भैयासाहेब तहसीलमध्ये बाबू झाले, पण घरातला रुबाब तस्साच राहिला. आईला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, 'आईसाहेब' म्हणायचं. मोठ्यांपुढे मोठ्यानं हसायचं नाही. आणि दुखणं? ते तर तोंडातून काढायचंच नाही. कुणी कसं आहे विचारलं की 'बरं आहे' म्हणायचं. ताप फणफणलेला असला तरी 'बरं आहे'. पाहुण्याला काय, घरच्याला काय, तेच एक उत्तर.

हा नियम बायकांनाच बरं का. भैयासाहेबांची दाढ ठणकली की अर्धं धार जागं व्हायचं! आम्ही लवंग घेऊन धावतोय, मीठ-पाण्याच्या गुळण्या देतोय, आणि हे अंगणात येरझारा घालत "मेलो, मेलो" करतायत. तेच भैयासाहेब पाहुण्यांत बसले की मान ताठ करून सांगायचे, "आमच्या घरातल्या बाईचा आवाज माजघराबाहेर गेलेला नाही."

आईसाहेबांच्या डाव्या पावलावर एक मोठा, चकचकीत डाग होता. नव्याच आल्या असतील तेव्हा दसऱ्याच्या पंगतीत कढत तुपाचं भांडं पायावर कलंडलं. त्यांनी काय करावं? "वाढू का?" विचारत पंगत पुरी केली. शेवटच्या पानापर्यंत! मग आत जाऊन पाय पाण्यात घातला. ही गोष्ट मला नव्या नवरीला आदर्श म्हणून सांगितली गेली. मी विचारलं, "पंगतीतल्या एकालाही दिसलं नाही?" त्यावर आईसाहेबांनी मला भाजी परतायला सांगितलं.

माझ्या पहिल्या बाळंतपणात मी घर डोक्यावर घेतलं. अवंती झाली तेव्हाची गोष्ट. आईसाहेब उशाशी बसून माझा हात धरून होत्या आणि हलकेच म्हणत होत्या, "सुरेखा, शेजारी ऐकतील गं." मी म्हटलं, ऐकू देत! त्यांनाही पोरं झालीयत! त्यांनी हात मात्र सोडला नाही. वळ उठले होते त्यांच्या मनगटावर माझ्या बोटांचे. दुसऱ्या दिवशी मी ते बघून ओशाळले, तर त्या पदर ओढून म्हणाल्या, "काही नाही, बरं आहे."

भैयासाहेब गेल्यावर आम्ही देवासला आलो. माझे यजमान शंतनू इथेच कारखान्यात लागले, मी शाळेत गणित शिकवायला लागले. आईसाहेबांनी धारचं घर मिटल्या तोंडानं सोडलं. सकाळी देवीच्या टेकडीकडे तोंड करून हात जोडायच्या, मग दिवसभर माझ्या चपात्यांवर लक्ष ठेवायच्या.

नव्व्याण्णव साली त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. किती दिवस पोट धरून बसत असतील देव जाणे. आम्हाला कळलं ते डोळे पिवळे झाल्यावर! इंदूरच्या रस्त्यावरच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. नाव घेत नाही, घ्यायची इच्छाही नाही. तिथे भूल देण्याचं शिक्षण घेणारी डॉक्टर पोरं-पोरी होती. त्यांचे प्रमुख डॉ. यशराज, जुन्या सरदार घराण्यातले. उंच, गोरे, बोलायला गोड. त्यांनी शंतनूला केबिनमध्ये बसवून समजावलं की आमच्याकडे ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर एक अभ्यास चालू आहे. या भागातल्या बायकांना दुखण्याचं औषध नेमकं किती लागतं ते बघायचंय. पेशंटला शून्य ते दहात दुखणं किती ते विचारायचं, आकडा पाचाच्या वर गेला की सुई द्यायची. "भिया, टेन्शन मत लो, यात धोका काही नाही." शंतनूनं सही केली. मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर मी तिथेच सांगितलं असतं की साहेब, तुम्ही चुकीचा पेशंट निवडलात.

ऑपरेशन झालं. बरगडीखाली हे एवढं लांब कापलेलं. शुद्धीवर आल्या, गुंगी उतरली, आणि एक मुलगी चेहऱ्यांची पट्टी घेऊन आली. डॉ. ईशानी. भुलीचं शिकणारी, देवासचीच, मराठी घरातली, पण शाळा सगळी हिंदीत. पट्टीवर एका टोकाला हसरा चेहरा, मग तोंडं उतरत उतरत दुसऱ्या टोकाला ढसाढसा रडणारा. "आजी, दर्द किती आहे? हा चेहरा की हा?" खाटेपाशी मी उभी, शंतनू उभा, मागे डॉ. यशराज आणि शिकणारी पोरं. आईसाहेबांच्या कपाळावर घामाचे थेंब. आणि हात उचलून त्यांनी बोट ठेवलं ते कुठे? हसऱ्या चेहऱ्यावर!

"शून्य," ईशानीनं लिहिलं.

"अहो, शून्य कसलं?" मी ओरडले. "मी गणित शिकवते, शून्य काय असतं ते मला ठाऊक आहे. त्यांचे ओठ बघा! पांढरे पडलेत!"

डॉ. यशराज हसून म्हणाले, "बाई, दुखणं ज्याचं, आकडा त्याचा. नातेवाइकांचा आकडा चालत नाही. जगभर असंच विचारतात."

"जगभर माझी सासू नाहीये!" मी म्हटलं. शंतनूनं माझा दंड धरून मला मागे ओढलं. लोकांसमोर त्याला माझी नेहमी लाज वाटते.

असं प्रत्येक वेळी. ईशानी यायची, पट्टी धरायची, बोट हसऱ्या चेहऱ्यावर. सुई नाही. व्यायाम करून घेणारी बाई आली, उशी पोटाशी धरून खोका म्हणाली. आईसाहेबांनी खोकल्यासारखं तोंड केलं, आवाज नाही. श्वास वरच्या वर, पाखरासारखा. व्यायामवाल्या बाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं की असंच राहिलं तर छातीत कफ साठेल, न्यूमोनिया होईल, या वयात ते झेपायचं नाही. माझा जीव टांगणीला लागला.

दुपारी जरा एकटं मिळाल्यावर मी त्यांना धारेवर धरलं. "आईसाहेब, का खोटं सांगता? पाच म्हणा, सहा म्हणा, तोंडातून काढा की! मराल अशानं!"

त्या डोळे मिटूनच म्हणाल्या, "सूनबाई, ती पोर परीक्षेला बसलीय. मागे तिचे मास्तर उभे असतात. रडकं तोंड दाखवून तिचे मार्क कशाला घालवायचे?"

मी कपाळावर हात मारून घेतला. बोला आता! यांना वाटत होतं, पेशंटला दुखलं की भूल देणारणीचे गुण कापले जातात. पोटाला टाके पडलेले असताना ह्या ईशानीची परीक्षा पास करून देत होत्या! मी समजावलं की असं काही नसतं. तर म्हणे, "असो. त्यांच्या दारी आलोय आपण. एवढी माणसं आपल्यासाठी राबतायत, त्यांना कुरकुर कशी ऐकवायची?" म्हणजे हॉस्पिटल हे यजमान आणि या पाहुण्या! पंगतीला बसल्यात, भाजी खारट आहे म्हणायचं नाही!

शेजारच्या खाटेवर नर्मदाबाई होत्या. लोहारदा गावच्या, शेतात राबणाऱ्या, पिशवीचं ऑपरेशन झालेलं. त्या मोकळ्या मनानं ओरडायच्या. "म्हारो पेट फाटी रियो हे, कोई तो देखो!" मला त्यांचं ओरडणं ऐकून बरं वाटायचं, खरंच सांगते. वॉर्डात एक तरी शहाणं माणूस होतं. त्यांच्याही खाटेपाशी पट्टी यायची, त्या धाडकन रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवायच्या, आणि सुई मिळायची.

मग एका सकाळी त्यांनी पुन्हा सुई मागितली तेव्हा नर्स त्यांच्यावर खेकसली. "अम्मा, चिल्लाओ मत. बाजूवाली दादी को देखो. तुमसे बड़ा पेट कटा है, उमर भी ज़्यादा है, एक बार मुँह नहीं खोला. और तुम? नाटक करती हो!" नर्मदाबाईंनी आईसाहेबांकडे पाहिलं. मग पदर तोंडात कोंबला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्यानंतर पट्टी आली तर त्यांनीही बोट मधे कुठेतरी ठेवलं, पाचाच्या अलीकडेच. त्यांची सुई बंद झाली. त्यांचं सगळं अंग हलत होतं, आवाज नव्हता. धारच्या माजघराचा रोग लोहारद्याच्या बाईलाही लागला, माझ्या देखत!

आईसाहेब हे सगळं बघत होत्या. मान वळवायला त्रास होत होता तरी त्या खाटेकडेच बघत होत्या.

राउंड आला. डॉ. यशराज, मागे पोरं, पुढे ईशानी. आईसाहेबांसमोर पट्टी धरली. त्यांनी पट्टी हातानं बाजूला सारली.

"दहा लिहा," त्या म्हणाल्या. आवाज बारीक होता पण स्वच्छ. "काल दहा होतं, परवा दहा होतं. मी खोटं सांगितलं. आणि त्या बाईंचंही दहा लिहा. मला दाखवून त्यांना गप्प बसवू नका."

डॉ. यशराज घसा साफ करून म्हणाले, "आजी, मागचे आकडे आता बदलता येत नाहीत." आईसाहेब म्हणाल्या, "मग तुम्ही आपलं बघा. सुई मात्र आधी त्यांना द्या." ईशानीची मान खाली गेली होती. तिनं धावत जाऊन सुया आणल्या, स्वतःच्या हातानं नर्मदाबाईंना दिली आणि मग आईसाहेबांना. तासाभरात आईसाहेब उशी पोटाशी धरून खोकल्या. काय खोकल्या! घाणेरडा, हिरवा कफ. मी ती वाटी धरून उभी होते आणि मला आनंदानं रडू येत होतं. वाचल्या त्या.

आता तुम्ही म्हणाल, चला, बाई बोलल्या एकदाच्या. मलाही तसंच वाटलं होतं. घरी आल्यावर मी लाडात येऊन म्हटलं, "आईसाहेब, काय झाडलंत हो त्या डॉक्टरला!" तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "अगं, त्या बाईसाठी म्हटलं. तिला गप्प केलं ना माझ्यामुळे. मला एवढं काही नव्हतं." मी ताट आपटून उठले. म्हणजे खरं काय होतं ते ह्या मला शेवटपर्यंत कळू देणार नव्हत्या!

पुढे काही महिन्यांनी शंतनूनं मोठ्या अभिमानानं बातमी आणली. डॉ. यशराजांनी इंदूरला डॉक्टरांच्या सभेत अभ्यास वाचला. माळव्यातल्या बायका फार सोशिक, त्यांना ऑपरेशननंतर औषध कमी लागतं, मागितलं तरच द्यावं. टाळ्या पडल्या म्हणे. मी शाळेतून तडक हॉस्पिटलात गेले आणि केबिनचं दार न ठोठावता आत शिरले.

"माझ्या सासूचे शून्य घातलेत त्यात?"

"घातलेत," ते शांतपणे म्हणाले. "त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितले होते. दहा त्या नंतर म्हणाल्या, दुसऱ्या पेशंटच्या कळवळ्यानं. तो आकडा धरता येत नाही."

"नवरा, मुलगा, सासू, अख्खी पलटण खाटेभोवती उभी करून बाईला विचारता दुखतंय का! आमच्याकडची कुठली बाई हो म्हणेल? तुम्ही स्वतः सरदाराच्या घरातले ना? तुमच्या आईसाहेब कधी हो म्हणाल्या होत्या?"

त्यांनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं. मग म्हणाले, "बाई, मला ओपीडी आहे." मी बाहेर आले तर दारापाशी ईशानी उभी. तिनं सगळं ऐकलं होतं. मी तिच्याकडे बघितलंही नाही. माझ्या लेखी तीही त्यातलीच होती.

पण पोरीनं मनावर घेतलं. नंतर मला कळलं की तिनं दुखण्यावरचा आपला अभ्यास मोडून नव्यानं केला. पद्धत साधी. आधी नातेवाईक बाहेर, सगळे, लेकसुद्धा. मास्तर बाहेर, पोरं बाहेर. पडदा ओढायचा. मग पेशंटला खोकायला लावायचं, कूस बदलायला लावायचं, आणि मग विचारायचं. पट्टी खिशात ठेवायची. त्या बाया काय काय बोलल्या म्हणे तिच्यापाशी! जिथे शून्य होतं तिथे आठ निघाले, नऊ निघाले. मास्तरांचं आणि तिचं फाटलं. तिची परीक्षा लांबली, मार्गदर्शक बदलावा लागला. आईसाहेबांनी जिचे मार्क वाचवायला पोट आवळून धरलं, तिचं वर्ष त्यांच्याच पायी गेलं. हे त्यांना सांगितलं तर दोन दिवस जेवल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पोरीला जेवायला बोलाव." ईशानी आली, पुरणपोळी खाल्ली, आणि घरचीच झाली. पुढे शिकून देवासातच भूल देऊ लागली.

दोन हजार सात साली आईसाहेबांना पुन्हा कावीळ झाली. या वेळी खडे नव्हते. स्वादुपिंडाचा कर्करोग होता, पसरलेला. डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं. हे दुखणं पाठीत शिरतं, रात्रंदिवस कुरतडतं, असं ईशानी म्हणाली. मॉर्फिनच्या गोळ्या लागतील, किती ते दुखण्यावर ठरेल. कमी दिली तर उपयोग नाही, जास्त दिली तर श्वासाला धोका. तेव्हा खरं कळायलाच हवं.

आधी गोळ्या मिळवायची मारामार. तिकडे मंदसोरच्या बाजूला अफूची शेतं डोलतात आणि इथे मरणाऱ्या बाईला त्यातली गोळी मिळेना! देवासात आम्हाला कुठे मिळाली नाही. ईशानीनं इंदूरला खेटे घालून आणली. आणि आईसाहेब? भिंतीला पाठ दाबून बसलेल्या, चेहरा राखेसारखा, आणि कुणी विचारलं की बरं आहे. मी हात जोडले, ओरडले, अबोला धरला. अवंतीला पुढे केलं, नातीची तरी दया येईल म्हणून. बरं आहे! ईशानीनं दिलेली बारीक मात्रा चालू होती, आणि मला दिसत होतं की ती पुरत नाहीये.

एका दुपारी ईशानी आली आणि खोलीत पाय ठेवताच म्हणाली, "सगळे बाहेर."

"मी नाही जाणार," मी म्हटलं. "इतकी वर्षं मी केलंय त्यांचं. शी-शू काढते मी त्यांची. माझ्यापासून काय लपवायचंय आता?"

आईसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "जा गं, सुरेखा," त्या म्हणाल्या. इतक्या मऊ आवाजात की माझ्याच्यानं थांबवेना. मी बाहेर आले, शंतनू आला, अवंती आली. ईशानीनं दार लोटलं. मी दाराला टेकून उभी राहिले. आतून तिचा आवाज आला, "आजी, कोणी नाही आता. जरा कुशीवर वळा बरं."

आणि मग तो आवाज आला. "आई गं! मेले गं आई! नाही सोसवत, नाही सोसवत गं मला!" मोठ्यानं, गळा काढून, लहान पोरीसारखा. आईचा असा आवाज शंतनूनं जन्मात ऐकला नव्हता. पायावर कढत तूप सांडलं तेव्हाचा, शंतनूच्या जन्माच्या वेळचा, पोट फाडलं तेव्हाचा, सगळा त्या आवाजात होता, असंच मला वाटलं.

ईशानी डोळे पुसत बाहेर आली. "मात्रा पुष्कळ वाढवावी लागेल, मावशी," ती म्हणाली. मी आत गेले. आईसाहेबांनी पदर नीट केला होता, केस मागे सारले होते.

"कसं आहे, आईसाहेब?" मी विचारलं.

"बरं आहे," त्या म्हणाल्या. "ईशानीला चहा दिलास का?"

मला इतका राग आला, इतका, की सांगता येत नाही. मी यांच्यासाठी डॉक्टरांशी भांडले, नवऱ्याशी भांडले, जगाशी भांडले, आणि यांचं दुखणं ऐकायचा मान परक्या पोरीला! मी चहा केला. कपबशी आदळून दिला.

पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी ईशानीची स्कूटर वाजली की मी पायात चपला घालायचे. शंतनूला आणि अवंतीला घेऊन गल्लीच्या पार टोकाला, वाण्याच्या दुकानापर्यंत जायचे, जिथे घरातलं काहीही ऐकू येत नाही. आईसाहेबांना खिडकीतून आम्ही जाताना दिसायचो. त्या गेल्या तोपर्यंत रोज गेले मी. त्यांना मनसोक्त ओरडता यावं म्हणून माझ्याच्यानं एवढंच झालं, घराबाहेर जाणं.